कुंभारकावळ्याची मुळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि ज्या एका माणसाला सांगायलाच हवं होतं तिला तर नाहीच नाही. आमच्या परसातल्या कागदी लिंबात कुंभारकावळ्याच्या जोडीनं घरटं केलं होतं, आणि त्यातल्या पिल्लांच्या पायांना मी लोखंडी तार बांधली होती. वाईट बुद्धीनं नव्हे. पण हे ‘वाईट बुद्धीनं नव्हे’ मी स्वतःशी इतक्यांदा घोकलं आहे की त्यातला अर्थ आता झिजून गेला. तेव्हा ते बाजूला ठेवतो आणि झालं तसं सांगतो.

त्या वर्षी आमच्या घरात पुरुषमाणूस म्हणायचा तर मी एकटा, आणि माझं वय शेळ्यांमागं पळायचं. वडील मला आठवतही नाहीत. थोरला भाऊ, माझा दादा, पुण्याला तुरुंगात होता. खोऱ्यात धरणाचं काम चाललं होतं, आमची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती, आणि त्या कामावर जाऊन आडवे पडणाऱ्यांत दादा होता. त्या सगळ्याची हकिकत माझ्यापेक्षा जाणत्यांनी लिहून ठेवली आहे. तिच्यात माझा काही वाटा नाही. माझ्या वाट्याला आलं होतं ते घर. आई, वहिनी, एक म्हैस आणि घरामागचं परस.

वहिनी उरवड्याची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या गाठोड्यात लुगड्यांपेक्षा कंद जास्त होते असं आई पुढं कितीतरी दिवस लोकांना सांगे. हळदीचे, आल्याचे, अळवाचे, शिवाय फडक्यात बांधलेलं पडवळाचं बी. माझ्याहून ती फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी असेल, पण मी धाकटा दीर, म्हणून मला ती ‘भावजी’ म्हणे आणि ‘तुमी’ म्हणे. नाकाला शेंबूड असलेल्या पोराला इतक्या मानानं हाक मारणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. “भावजी, तुमी जरा चड्डी वर घ्या, आन् मंग हिकडं या,” असं ती म्हणायची, आणि त्यात तिला किंवा मला काहीच विनोदी वाटत नसे.

परस म्हणजे काही बाग नव्हे. मोरीचं पाणी जिथं उतरे तिथं अळू, त्याच्या कडेनं हळद, चार केळी, वांग्यांचा एक वाफा आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून पडवळाचा मांडव. पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या शेंड्याला दोऱ्यानं खडा बांधतात. सालीला काचणार नाही आणि पावसात सुटणार नाही अशी त्याची एक गाठ असते, ती मला वहिनीनं शिकवली. आम्ही दोघं मांडवाखाली उकिडवे बसून खडे बांधत असू आणि वर बुलबुलीण अंड्यांवर बसून आमच्याकडं बघत असे. बुलबुल ज्या बाजूला बसलेला असेल तिकडचं पडवळ वहिनी तोडतच नसे. ते मग जून होऊन लाल पडे आणि आई करवादे.

“पाखरांनी खायाचं का आपुन खायाचं?”

“बियाला ठिवलंय आत्याबाई,” वहिनी खाली मान घालून म्हणे. सासूला ती आत्याबाई म्हणे. त्या वर्षी आमच्याकडं साऱ्या मावळाला पुरेल एवढं पडवळाचं बी झालं.

वांग्याची दोन पानं एकत्र शिवून त्यात शिंपी बसलेला असायचा. भिंतीच्या भोकात दयाळ होता, तो पहाटेपासून गायचा. आणि परसाच्या पार कोपऱ्यात एक जुनं कागदी लिंब होतं. त्याच्यावर गुळवेल चढून आत माणसाचा हात जाणार नाही असं रान माजलं होतं. आईच्या मनात ते केव्हाचं तोडायचं होतं. पण दादाला धरून नेण्याच्या आधीच्या दिवसांत कुंभारकावळ्याची जोडी तोंडात लांब लांब पाती घेऊन त्या लिंबात शिरताना दिसू लागली. दादा दाराशी दात घासत उभा होता. म्हणाला, “आय, ह्या लिंबाला आता कोयता लावू नगंस. पिल्लं उडाली की मग बघू.” त्यानंतर दोन दिवसांनी तो गेला. त्यामुळं त्या घरट्याची राखण जणू तो आमच्यावर टाकून गेल्यासारखं झालं.

शहरातले लोक या पक्ष्याला भारद्वाज म्हणतात. अंग कावळ्यासारखं काळं, पंख भाजलेल्या विटेच्या रंगाचे आणि डोळे गुंजेसारखे लाल. उडायचा त्याला आळस. गवतातून पाऊल टाकत असा चालतो की जणू सारा बांध त्याच्या नावावर आहे. आवाज मात्र त्याच्या देहात मावणारा नाही. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणीतरी हूप, हूप, हूप म्हणतंय असं वाटावं. सकाळी तो दिसणं शुभ. हे आमच्याकडं सगळेच मानतात आणि मीही, खरं सांगायचं तर, अजून मानतो.

दादा गेल्यापासून आई आणि वहिनी यांचं बोलणं कामापुरतं उरलं होतं. आईचा राग सरकारवर होता, कामावरच्या साहेबांवर होता, दादाच्या हट्टावर होता. पण त्यांच्यातलं कुणी घरात नव्हतं, वहिनी होती. त्यातच वहिनीला दिवस गेल्याचं कळलं. आनंदाची गोष्ट, पण ज्याला आनंद व्हायचा तो तुरुंगात. दोघी एकाच चुलीपुढं बसत आणि मध्ये नुसता धूर असे. त्या घरट्यानं हे बदललं. सकाळी चूल पेटवण्याआधी दोघी मागच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. मी त्यांच्या मधून डोकं बाहेर काढायचो.

“दिसला का गं?”

“न्हाई अजून. ऐकू येतुया... त्यो बघा, त्यो बघा आत्याबाई! भिंतीवर!”

“उजव्या अंगाला हाय. बरं झालं.” आई हात जोडी. “माझ्या लेकाला घिऊन ये रं बाबा.”

दादाचा विषय सासूच्या तोंडून निघाला की वहिनी पदर पुढं ओढे आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राही. मग आई आत जाऊन पेजेत गूळ आणि सुंठ टाकी, आणि तो वाडगा स्वतः वहिनीपुढं सरकवी. “घे. गारठा बरा न्हाई ह्या दिवसात.” मी खाचरातून खेकडे आणले की त्यांचं कालवण शिजताना वहिनीला मळमळे, म्हणून ती आपली भाकरी घेऊन परसात केळीखाली जाऊन बसे. तेव्हाही आई ओरडत नसे, उलट मला म्हणे, “जा रं, मिरचीचा ठेचा दिऊन ये तिला. कोरडी खाती बाय.” त्या पक्ष्यानं दादाला आणलं की नाही हे सोडा, पण त्या दोन बायकांना त्यानं एका दारात आणून उभं केलं होतं. हे मी तेव्हाही जाणत होतो. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

डोंगरावर धुळामामा नावाचा म्हातारा धनगर राहायचा. पावसात शेळ्या खाली आणल्या की आमच्या ओट्यावर टेकायचा. त्याच्या भिजल्या घोंगडीचा वास सगळ्या घरात भरून राही. एकदा तो पौडच्या बाजारातून खबर घेऊन आला. धरून नेलेल्यांच्या पायांत बेड्या ठोकल्यात, चालताना खळाखळा वाजतात, अशी. आईनं तोंडाला पदर लावला आणि आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. वहिनी चुलीपुढं बसून भाकरी भाजत राहिली, आणि एकामागून एक करपवत राहिली.

मी ओट्यावरच होतो. विचारलं, “मामा, बेडी कशानं तुटती?”

“छिन्नीनं तुटंल. घन पायजे.”

“दुसऱ्या कशानं?”

धुळामामानं चिलीम झटकली. “एक मुळी असती. लोखंडाला नुसती लावली की कडी म्हनू नगंस, कुलूप म्हनू नगंस, बेडी म्हनू नगंस, समदं मोकळं. पर ती मानसाला गावत न्हाई. कुंभारकावळ्याला ठावं हाय ती कुटं उगवती त्ये.”

“मग त्यो आनतो का?”

“उगाच कशाला आनंल? त्याच्या पिल्लाच्या पायाला लोखंडाची तार बांधायची. पिल्लू अडाकलं की त्यो रानात जातो, मुळी आनतो आन् घरट्यात ठिवतो. तार तुटती. मंग त्ये घरटं काढून व्हात्या पान्यात सोडायचं, काडी-काडी करून. समद्या काड्या खाली जात्यात. जी वर चढंल ती मुळी.”

“तुमी आनली का कधी?”

“मला रं काय करायची? माझ्या शेळ्यांच्या पायात दोरी हाय, लोखंड कुटं हाय?” तो खदाखदा हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, “आन् ह्ये कुनाला बोलायचं न्हाई. काम व्हईस्तवर बोललं, की मुळीतला गुन जातो.”

म्हाताऱ्याला मी आजही दोष देत नाही. पावसाळी दुपारी पोराला सांगायची गोष्ट त्यानं सांगितली. त्याच्या मागं आमच्या परसात पिल्लं आहेत हे त्याला ठाऊकही नव्हतं.

तार मिळायला अडचण नव्हती. धरणाच्या कामावरून गाड्या यायच्या-जायच्या, त्यांच्या वाटेवर तारेचे तुकडे पडलेले असत. आम्ही पोरं त्यांची चाकं-बिकं करायचो. आई आणि वहिनी लावणीला गेल्या होत्या. मला म्हशीजवळ ठेवलं होतं. इरलं पांघरून मी लिंबाखाली सरपटत शिरलो. काट्यांनी पाठ सोलवटली. घरटं म्हणजे टोपलीएवढा गोळा होता, बाजूनं तोंड असलेला. आत हात घातला तर सापासारखं फुस्स झालं आणि मी हात मागं घेतला. पुन्हा घातला. पिल्लं तीन होती. काळीठिक्कर, अंगावर पांढरे केसासारखे धागे, पोटं गरम. हातात घेतल्याबरोबर त्यांनी घाण सोडली. तिचा वास इतका उग्र की मला ओकारी आली. तरी मी एकेकाचा पाय धरून तार बांधली आणि दुसरं टोक आतल्या जाड डहाळीला पिळून टाकलं. गाठ मारली ती पडवळाची. काचणार नाही आणि पावसात सुटणार नाही अशी. मला दुसरी गाठ येत नव्हती.

राखेनं हात घासले, लिंबाचा पाला चोळला, तरी वास जाईना. संध्याकाळी वहिनीनं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि नाक मुरडलं.

“भावजी, हाताला कसला वास येतुया?”

“खेकड्याचा.”

“खेकडं कुटं आनलं तुमी आज?”

“सुटलं.”

“मग रिकाम्या हातानं वास तेवढा आनला व्हय?” ती हसली. मीही हसलो.

मग वाट बघणं सुरू झालं. मी दिवसातून कितीदा त्या दारात जाऊन उभा राहात असेन याला गणती नाही. पक्षी चोचीत सरडा आणी, नाकतोडा आणी, बेडूक, गोगलगाय, एकदा तर हिरवा सर्प वेटोळ्यासकट. मी प्रत्येक वेळी त्याच्या चोचीत मुळी शोधायचो. एका सकाळी त्यानं खरंच हिरवी डहाळी नेली, आणि मी तसाच धावत ओढ्यापर्यंत जाऊन परत आलो. पुढं मोठेपणी कळलं की हे पक्षी घरट्यात ओला पाला घालतच असतात. तेव्हा मला एवढंच कळत होतं की दादाच्या पायातलं लोखंड तिकडं सैल होतंय.

पिल्लांची वाढ व्हायची तशी होत होती. पिसं फुटली. पंखांवर विटकरी रंग आला. तार निघाली नव्हती. मी एकदा वाकून बघितलं तर एकाचा पाय सुजला होता आणि तार दिसेनाशी झाली होती. त्या वेळी मी ती सोडवू शकलो असतो. हात पुढं केलासुद्धा. मग वाटलं, आता पाय सुजलाय म्हणजे पक्ष्याला काळजी लागली असेल, आता तो नक्की मुळी आणील. आणि मी हात मागं घेतला.

एक दिवस पक्षी घरट्यात शिरेनाच. तोंडात नाकतोडा धरून तो समोरच्या भिंतीवर बसला आणि खालच्या, घोगऱ्या आवाजात बोलावू लागला. थोडा जवळ येई, पुन्हा मागं जाई. लिंबाच्या आतून फडफड ऐकू येत होती. वहिनी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. पोटावर एक हात, दुसरा चौकटीला.

“आज निघत्याल बघा, भावजी. आई बोलावतीया.” मग हळूच, माझी आई ऐकत नाही ना हे बघून, म्हणाली, “तुमचं दादा म्हनलं व्हतं, पिल्लं उडाली की बघू. उडाली की त्येबी येत्याल. मला वाटतं तसं.”

पुढं एका पुस्तकात वाचलं की या पक्ष्यांत पिल्लांना भरवण्याचं काम बहुतेक नरच करतो. म्हणजे वहिनी ज्याला आई म्हणत होती तो बाप होता. तो दिवसभर भिंतीवर बसून राहिला. तोंडातला नाकतोडा शेवटी त्यानं स्वतः खाल्ला, दुसरा आणला आणि पुन्हा तिथंच येऊन बसला. रात्री पावसानं कौलं फोडायचीच बाकी ठेवली.

सकाळी उजाडल्या उजाडल्या, आई म्हशीखाली बसली असताना, मी लिंबाखाली शिरलो. एक पिल्लू घरट्याच्या तोंडातून बाहेर पडून तारेवर उलटं लोंबत होतं. त्याला निदान बाहेर तरी येता आलं होतं. दोन आत होती. मुंग्या लागल्या होत्या. तारा मला सुटेनात. मी डहाळ्याच मोडल्या. पिल्लं केळीच्या बुंध्याशी चिखलात पुरली. आणि मग मी रडलो नाही. मी घरटं उचललं आणि ओढ्यावर गेलो. कारण मुळी त्यात असेल असं मला अजून वाटत होतं. पिल्लं मेली ती मुळी यायला थोडा उशीर झाला म्हणून, असं मी मनाशी जुळवलं होतं.

काडी-काडी करून मी ते घरटं पाण्यात सोडलं. पाती गेली, काटक्या गेल्या. ओढा भरून वाहत होता, सगळं डोळ्यादेखत खाली जाई. शेवटी शेवटी एक वाकडी काडी दगडाआड गेली, गरगरली आणि हळूहळू वर सरकू लागली. धोंड्यामागं पाणी उलटं फिरतं हे आज मला कुणी सांगायला नको. तेव्हा मी कमरेएवढ्या पाण्यात उडी घेतली, ती काडी धरली आणि कडोसरीला, चड्डीच्या नाडीत, खोवली. दादा सुटला, असं मी मोठ्यानं म्हणालो.

घरी आलो तर जोडी लिंबाभोवती घिरट्या घालत होती. हूप नाही, काही नाही; नुसतं खरखरत होती. आई दारात उभी होती. घरटं नाही हे तिनं पाहिलं होतं. मांजर म्हणावं तर घरटं सबंध कसं जाईल, आणि माणूस म्हणावं तर कोण जाईल. ती वहिनीकडं वळली.

“तू काल लिंबाखाली गेली व्हतीस?”

“लिंबू तोडाया गेले व्हते आत्याबाई. तोंडाला चव न्हवती. लांबनंच तोडलं. कडंचं.”

आमच्याकडं मानत की पोटुशी बाईची सावली पडली की साप आंधळा होतो. आईनं ते घरट्याला लावलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली.

“ह्या दिवसात सावली पडू दिऊ नये येवढं तुला आईनं सांगितलं न्हवतं? माझ्या लेकाचा सकुन व्हता त्यो.”

वहिनीनं एकदा लिंबाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. माझ्याकडं संशयानं नव्हे. घरात तिच्या बाजूनं बोलेल असं एकच माणूस होतं, म्हणून.

“आजपासनं परसात पाऊल टाकायचं न्हाई,” आई म्हणाली. “मी बघीन काय त्ये.”

काडी माझ्या कमरेला टोचत होती. बोललं की गुण जातो. दादा येऊ दे, मग सगळं सांगू, मग आई हसेल, वहिनी हसेल. असं म्हणत मी गप्प राहिलो. तेव्हाचं गप्प राहणं मला समजू शकतं. त्यानंतरचं नाही.

श्रावण सरता सरता आईला भेटीची परवानगी मिळाली. वहिनीला त्या अवस्थेत नेता येईना, म्हणून आई मला घेऊन निघाली. पौडपर्यंत पायी, पुढं बैलगाडी. दादाला एका जाळीमागं आणून उभं केलं. डोक्याचे केस काढलेले, गालफडं वर आलेली, पण हसत होता. मी त्याच्या पायांकडं बघितलं. पाय मोकळे होते.

“दादा, बेड्या कुटं हायेत?”

“कसल्या बेड्या?”

“पायातल्या.”

“कोन म्हनलं तुला?” तो आईकडं बघून हसला. “पायात न्हाई बाबा, हातात जातं हाय. दळान दळतुया. घरी कधी खुंट्याला हात लावला न्हवता. वैनीला सांग, आलो की तिला जात्याची सुट्टी.”

आई पदरात हसली आणि रडली. मी कडोसरीवर हात दाबून उभा होतो. मग त्यानं विचारलं, “लिंबातला कुंभारकावळा काय म्हनतोय? पिल्लं उडाली का?”

आई जमिनीकडं बघू लागली. मी म्हणालो, “उडाली. तिन्ही उडाली.”

“झ्याक,” दादा म्हणाला.

परतताना गाडीत, पौड जवळ आलं तेव्हा, आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “शाना हायेस. तिचं नाव न्हाई घेतलंस त्येच्यापुढं. झाकलंस. बरं केलंस.” माझ्या आईनं माझं असं कौतुक क्वचितच केलं असेल. पुढच्या ओढ्याशी गाडीवानानं बैलांना पाणी दाखवलं, तेव्हा मी ती काडी पाण्यात टाकली. ती सरळ खाली गेली.

दादा पुढं यथावकाश सुटून आला. वहिनीला मुलगी झाली, धडधाकट, आणि आईनं तिला मांडीवरून खाली ठेवलं नाही. जात्याला त्यानं खरंच हात लावला; गाव बघायला जमला होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, मिटलं सगळं. आईही विसरली असेल. पण वहिनी परसात परत गेली नाही. आईनं नंतर एकदा आपण होऊन सांगितलं, “जा की गं, हळद काढून आन.” तर ती मलाच म्हणाली, “भावजी, तुमी आना.” आईला पडवळाची गाठ येत नसे आणि मी ती पुन्हा मारली नाही; मांडवावरची सगळी पडवळं पुढच्या वर्षी वाकडी झाली. पुढं पाणी आलं, लिंब गेलं, परस गेलं आणि आम्ही वर सरकलो. नव्या जागी अंगण होतं, पाणी होतं. वहिनीनं तिथं तुळशीखेरीज काही लावलं नाही. तीही आईच्या हातून लावून घेतली.

सावलीचं ते पटलं होतं तिला. हे मला कळायला फार वर्षं लागली. मला वाटायचं ती रुसली आहे. पण ती रुसलेली नव्हती; तिला खरंच वाटत होतं की आपल्या सावलीत तसं काही आहे. गाय व्याली की ती गोठ्याबाहेर उभी राही. कुणाच्या वळचणीला चिमण्यांनी घरटं केलं की त्या बाजूनं जात नसे. तिच्या स्वतःच्या मुलीचं बाळंतपण घरात झालं तेव्हा ती ओट्यावर बसून होती, भिंतीकडं तोंड करून, आणि सुईण आतून हाका मारत होती. मी तिच्या शेजारी बसलो होतो. “आत जा की वैनी,” एवढंच मी म्हणालो. ती म्हणाली, “नगं भावजी. समदं नीट व्हऊ द्या आधी.” ती वेळ सांगण्याची होती. मी तिला पाणी आणून दिलं.

आई गेली, दादाही गेला. वहिनी आहे. तिच्या नातवंडांच्या घरी असते, माझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. मी जातो अधूनमधून. अजून ती मला ‘तुमी’ म्हणते आणि माझं धोतर चिखलानं भरलेलं असलं की तेही सांगते. तिला वाचता येत नाही. म्हणूनच इथं लिहिणं मला सोपं गेलं, हेही कबूल करून टाकतो. हे पुस्तक छापून तिच्या हातात दिलं तर ती ते कपाळाला लावील आणि भावजींनी लिहिलंय म्हणून फळीवर जपून ठेवील.

तेव्हा या लिहिण्यानं काही फिटलेलं नाही. तिच्यासमोर बसून, तोंडानं, ‘वैनी, तुझ्या सावलीनं काही झालं न्हवतं, त्ये मी केलं’ एवढं सांगणं मी तिला देणं लागतो. ते मी अजून सांगितलेलं नाही.